बजरंगच्या नावाची सायकल

लातुरात आमच्या गल्लीत बायकांना स्वतःची नावं नसतात. मी बजरंगची आई. समोरच्या खोलीत लुबनाची अम्मी, तिच्या वरच्या मजल्यावर निवृत्तीची आई. माझं नाव उमादेवी आहे, पण इथं आल्यापासून ते फक्त गॅसच्या पावतीवर दिसतं.

पोराला डॉक्टर करायचं म्हणजे नुसती क्लासची फी भरून भागत नाही. अकरावी-बारावीची दोन वर्षं खोली करायची, आईनं पोराबरोबर येऊन राहायचं, बापानं गावाकडं शेत बघायचं आणि रविवारी तूप, ज्वारी, तुरीची डाळ घेऊन एसटीनं यायचं. आमचे हे, व्यंकटराव, मुखेडजवळच्या आमच्या गावाहून येतात. आले की आधी बजरंगच्या टेस्टचे मार्क विचारतात, मग पाणी पितात.

या दोन वर्षांत घरात जे काही येतं ते लेकरासाठी येतं. पंखा लेकरासाठी, गादी लेकरासाठी, गावाकडून येणारं तूप लेकरासाठी. मला चष्मा लागला तेव्हा हे म्हणाले, "घे बाई लवकर, पोराच्या ताटात केस पडला तर दिसायला पाहिजे." मी हसले. तेव्हा हसू आलं, नंतर आठवलं की राग येतो.

तर अशा घरात मला सायकल पाहिजे होती, आणि ती माझ्यासाठी पाहिजे होती.

झालं असं. पोरं पहिल्या बॅचला गेली की आम्ही आया रिंग रोडला चालायला जातो. तिथून रोज डॉक्टर लोकांचा एक जथा सायकलवरून जायचा. बारीक टायर, मेंढ्याच्या शिंगासारखं खाली वळलेलं हँडल, डोक्यावर हेल्मेट. निवृत्तीची आई त्यांच्या घट्ट चड्ड्यांवर काहीबाही बोलायची आणि आम्ही पदर तोंडाला लावून हसायचो. एकदा त्यातल्या एक डॉक्टरीणबाई आमच्यापाशीच थांबल्या. टायरमधली हवा कमी झाली होती. पंप काढेपर्यंत जरा धरता का, म्हणाल्या. मी चांगला जोर लावून धरली आणि सायकल चक्क उचलली गेली. भरलेली समजून रिकामी घागर उचलावी तसं झालं.

"एवढी हलकी कशी काय?" मी विचारलं.

"रोड बाईक आहे," त्या म्हणाल्या. "पळण्यासाठीच बनवलेली. बसून बघायचंय?"

मी नको म्हणाले. सगळ्या जणी बघत होत्या ना. मग दिवसभर भाकरी थापताना, भांडी घासताना एकच चाललेलं डोक्यात, की बसले असते तर काय बिघडलं असतं.

माझं माहेर किल्लारीच्या बाजूचं. त्र्याण्णवला विसर्जनाच्या रात्री आमचं गाव पडलं तेव्हा मी आठवीत होते. माझी थोरली बहीण त्यात गेली. पुढं नवं गाव वसवलं ते पट्टीनं आखल्यासारखं. रस्ते इतके रुंद की या दारातून त्या दारात हाक पोचायची नाही. बाया म्हणायच्या, याला काय गाव म्हणायचं? मला मात्र ते रस्ते आवडायचे, कारण मदतीच्या ट्रकमधून चुलत्याला एक सायकल मिळाली होती. काळी, बाप्यांची, माझ्यापेक्षा उंच. सीटवर बसले तर पाय पुरायचे नाहीत, म्हणून मी नळीखालून पाय घालून, वाकडी होऊन चालवायचे. बहीण जाऊन वर्ष झालं नाही आणि पोरगी दात काढत सायकल फिरवते म्हणून आत्यानं पाठीत धपाटा घातला होता. मला बहिणीची आठवण रोज यायची, आणि सायकलवर आनंदही व्हायचा. दोन्ही खरं होतं, पण ते आत्याला सांगता येत नव्हतं. मग लग्न झालं आणि सायकल सुटली ती सुटलीच.

डॉक्टरीणबाई भेटल्या त्या दिवसापासून माझा अभ्यास सुरू झाला. लातुरात पोरांच्या हातात बटणाचा फोन देतात आणि मोठा फोन आईकडं जप्त असतो. बजरंग आतल्या बाजूला जीवशास्त्र पाठ करायचा आणि मी ओट्यापाशी बसून कानात वायर घालून सायकली बघायचे. आधी काही कळेना. मग कळायला लागलं तसं वेडच लागलं. फ्रेम लोखंडाची की ॲल्युमिनियमची, पुढचं चाक धरणारा चिमटा कशाचा, गिअर कुठला, ब्रेक कसला. भाजी निवडता निवडता मी या सायकलीची त्या सायकलीशी तुलना करायचे आणि मनातल्या मनात एकीला नापास करायचे.

नामांकित कंपन्यांच्या सायकली बघितल्या आणि डोळे पांढरे झाले. त्या किमतीत आमच्याकडं दुभती म्हैस येते. मी डबे करून पैसे साठवले होते. ज्यांच्या आयांना येणं जमलं नाही अशा काही पोरांना माझा डबा जातो. पण म्हशीएवढे पैसे माझ्याकडं नव्हते. मग शोधता शोधता 'पवनी' सापडली. लुधियानाकडची कंपनी, नाव कुणी ऐकलेलं नाही, जाहिरात नाही. फ्रेम ॲल्युमिनियमची, गिअर त्याच जपानी कंपनीचा जो महागड्या सायकलींना असतो, आणि किंमत निम्मी. एक मद्रासकडचा पोरगा ती घेऊन खडीच्या रस्त्यानं, पावसातून, कुठं कुठं फिरून आला होता आणि व्हिडिओत सगळं खरं खरं सांगत होता. सीट टोचते म्हणाला, ब्रेकचे रबर बदलून घ्या म्हणाला, बाकी सायकल सोनं आहे म्हणाला. दोष सांगणाऱ्यावर माझा लगेच विश्वास बसतो.

बजरंगनं मला एकदा पकडलंच. पाणी प्यायला उठला होता.

"आई, तू फ्रेमची साईज कशाला बघून राहिलीस?"

"गप. वाच जा."

"तुला घ्यायचीय का?"

"तुझा धडा झाला का?"

तो हसत गेला. पुष्कळ दिवसांनी हसला होता.

पवनीचं दुकान आमच्या भागात एकच, नांदेडला. मी तिथं फोन लावला. अम्मार नावाचा तरुण मालक बोलला. त्याला माझी उंची सांगितली. तो म्हणाला, ताई, तुमच्यासाठी सगळ्यात लहान फ्रेम लागेल, ती एकच आहे माझ्याकडं, कुणी घेत नाही म्हणून टांगून ठेवलीय. एवढ्या मोठ्या जगात माझ्या मापाची एक सायकल नांदेडला टांगलेली आहे, हे कळल्यावर माणसाला झोप कशी यावी?

त्याच आठवड्यात मी ह्यांना फोनवर म्हणाले, "एक सायकल घ्यावी म्हणते."

"बजरंगला का? घे की," हे म्हणाले. "सर म्हणलेच होते, पोरांना व्यायाम पाहिजे. डोकं चालतं."

आता इथं मी 'न्हाई, मला' एवढंच म्हणायला पाहिजे होतं. पण समोरून इतक्या सहज होकार आला की माझ्या तोंडून नुसतं "हं" निघालं. म्हटलं, आधी येऊ तर दे घरात. आली की मी चालवीनच.

पण आमचे हे म्हणजे गावभर दवंडी. दोन दिवसांत सासूबाईंचा फोन, पोराला जपून चालवायला सांग. मग भावकीतल्या नरसिंगभाऊजींचा, कुठली कंपनी घेऊन राहिले? शेवटी ह्यांनी क्लासच्या सरांनाही विचारलं आणि सर म्हणाले, उत्तम. झालं. माझी सायकल घरात येण्याआधीच बजरंगच्या नावावर चढली.

त्या रविवारी हे आले ते कंपनीचं नाव ऐकूनच बिथरले.

"पवनी? हे तर पिठाच्या गिरणीचं नाव वाटून राहिलं. रिझल्ट काय हाय हिचा?"

लातुरात राहून राहून माणसाला ही सवय लागते. इथं चौकाचौकात क्लासचे बॅनर, त्यावर पोरांचे फोटो आणि फोटोखाली मार्क. रिझल्ट बघितल्याशिवाय हे हल्ली गुळाची ढेपही घेत नाहीत.

"सायकलीला कसला रिझल्ट?" मी म्हणाले.

"कोण कोण वापरतंय, कोण पुढं गेलं, काहीतरी असंल की. नावाजलेली कंपनी घ्यावी. पोराच्या बाबतीत कंजुषी नको."

"आपण बजरंगचा क्लास कसा निवडला? तेवढं मोठं बॅनर लावणाऱ्या क्लासात टाकलं का?"

"न्हाई. तिथं फी लई होती."

"का होती? ते बॅनर कुणाच्या पैशानं लागतात? आपल्याच ना? मग आपण लहान क्लासातल्या सरांकडं बसून बघितलं, शिकवणं बघितलं आणि मग घातलं. सायकलीचं बी तेच हाय. गिअर तोच, फ्रेम तशीच. नावाचे पैसे आपण का द्यायचे?"

ह्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. "तू लई अभ्यास केलेला दिसतोय," म्हणाले. मी पटकन चहा ठेवायला उठले.

दसऱ्याला क्लासला एक दिवस सुट्टी होती. नवीन गाडी, नवीन वस्तू दसऱ्यालाच आणायची, तेव्हा दिवस ठरला. हे मुखेडहून नांदेडला आले, मी आणि बजरंग लातूरहून. मी पंजाबी ड्रेस घातला होता आणि पायात चालायला जायचे बूट. ह्यांनी वरपासून खालपर्यंत बघितलं, पण पोराच्या मार्कांचं विचारायचं राहिलं होतं, त्यामुळं बुटांचं राहून गेलं.

अम्मारचं दुकान जुन्या नांदेडात, बाजारातून आत गेल्यावर. त्याचे आजोबा तासावर सायकली भाड्यानं द्यायचे. दुकानाला झेंडूचं तोरण होतं, आत रबराचा आणि तेलाचा वास. मी आत पाऊल टाकलं आणि आधी वर बघितलं. मागच्या भिंतीला, आकड्याला, ती होती. निळी. फोनवर जेवढी दिसली होती त्याच्यापेक्षा छान.

अम्मार पंचविशीचा, बोलका. "या ताई. फोन तुम्हीच केलता ना? ते लहान..."

मी असे डोळे वटारले की तो बिचारा शब्द गिळून ह्यांच्याकडं वळला.

"पोराला घ्यायचीय," हे म्हणाले.

"पोराला?" अम्मारनं माझ्याकडं बघितलं. मी तोरणाकडं बघितलं. "बरं. ये इकडं, माप घेऊ."

बजरंगला त्यानं भिंतीला उभं केलं आणि टेपनं पाय मोजले. बजरंग बापासारखा ताडमाड. "ह्याला मोठी फ्रेम लागणार," म्हणून अम्मारनं एक काळी सायकल पुढं काढली. "नशीब बघा, ही पण एकच उरलीय."

मग ह्यांनी ती सायकल बघितली, बैलबाजारात बघतात तशी. भोवती एक चक्कर मारली. पाठीवरून हात फिरवावा तसा नळीवरून फिरवला. मागचं चाक उचलून फिरवून बघितलं. खाली बसून गिअरच्या चकतीचे दात निरखले आणि म्हणाले, "दात बरे हायत." अम्मारला हसू आलं, पण दुकानदार शहाणा, खोकून घेतलं त्यानं.

"पर कंपनीचा रिझल्ट काय?"

"चाचा, मी स्वतः पवनीवर हैदराबादला जाऊन आलो. जाताना बी, येताना बी. एकदा पंक्चर, बाकी काही न्हाई."

"हैदराबाद?" हे उठून उभे राहिले. "मग झाला की रिझल्ट. बांधा हीच. थोडी मोठी असली तर असू द्या, पोरगं अजून वाढून राहिलंय."

मी घाईघाईनं म्हणाले, "काळा रंग नको. दसऱ्याला कुणी काळं नेतं का? ती निळी बघा की मागची."

"ती लहान आहे ताई," अम्मार म्हणाला.

"लहानच बरी. वाकून बसायची सवय हाय त्याला, अभ्यासानं."

"ताई, ह्याचे गुडघे हँडलला लागतील."

"काढून तर दाखवा."

त्यानं काढली. आणि बजरंग, माझं लेकरू, काही न बोलता त्या निळ्या सायकलवर जाऊन बसला. गुडघे कानापाशी आले. कोपरं बाहेर. तरी सरळ तोंड करून म्हणतो, "एकदम बरोबर हाय बाबा. हीच घेऊ."

"तुम्हा मायलेकरांचं डोकं फिरलं का?" हे म्हणाले. "उतर खाली. ती मोठी चालवून बघ."

बजरंगनं माझ्याकडं बघितलं. मी काय सांगणार? तो मोठी घेऊन बाहेर पडला.

तो परत आला तेव्हा मी त्याचं तोंड बघितलं आणि गार पडले. गाल लाल, केस उभे, आणि तो हसत होता, लातुरात यायच्या आधी हसायचा तसा. "बाबा, नुसता पाय लावला की पळतीय," तो म्हणाला. "एका रिक्षाला मागं टाकलं मी." हँडल सोडायलाच तयार नव्हता. ह्यांना तर भरूनच आलं. त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "बघ. आता रोज सकाळी अर्धा तास फिरवायची, मग अभ्यासाला बसायचं. डोकं असंच पळंल. सहाशेच्या वर मार्क पक्के समज."

अम्मारनं काळ्या सायकलीला घालायला झेंडूचा हार उचलला.

इतका वेळ मला वाटत होतं की माझी लढाई ह्यांच्याशी आहे. आता समोर पोरगं उभं होतं, खरंच हसणारं. त्याला ती खरंच आवडली होती. 'राहू द्या, तीच घ्या' हे शब्द माझ्या तोंडात आपोआप आले, कारण ते तिथंच राहतात. चांगला आंबा असो, पंख्याखालची जागा असो, ते शब्द आधीच तयार असतात. पण ते तोंडात आले आणि मला माझाच इतका संताप आला की मी ओरडलेच जवळजवळ.

"हार घालू नका. ही सायकल बजरंगला न्हाई घ्यायची. मला घ्यायचीय. ती निळी. माझ्या पैशानं."

बाहेर कुणीतरी सोनं घ्या सोनं म्हणून आपट्याची पानं विकत होतं.

हे आधी हसले. "चेष्टा करून राहिलीस का?"

"न्हाई."

"तू सायकल चालवणार? ह्या वयात? लातुरात?"

"हाव."

"अगं, मी गावात सगळ्याला सांगून बसलोय, पोराला सायकल आणतो म्हणून. आता काय सांगू?"

"बायकोला आणली म्हणून सांगा. मी काय चोरून आणलेली हाय का?"

मी हे बोलले खरं, पण तेवढ्यात बजरंगचं हसू गेलेलं मला दिसलं. त्यानं काळी सायकल हळूच भिंतीला टेकवली आणि मान खाली घालून उभा राहिला. पोराच्या हातातला घास काढून घ्यावा तसं मला वाटलं. फार वाईट वाटलं. तरी मी माघार घेतली नाही. मी अम्मारला म्हणाले, "सीट माझ्या मापाला लावून दे, बाबा."

त्यानं पान्हा घेतला आणि सीट खालीवर करून बसवली. ओढणी कमरेला बांधून मी निळी सायकल बाहेर काढली. पहिल्या दहा पावलांत मी एका हारवाल्याच्या टोपलीत जाणार होते. हँडल जरा हललं की सायकल वळायची, इतकी चपळ. अम्मार मागून ओरडत होता, ब्रेक हळू दाबा, हळू. मग गर्दी संपली, रस्ता सरळ झाला आणि मी पाय मारायला लागले.

काय सांगू. पायडल खाली जायचं आणि माझा पाय त्याच्याबरोबर शेवटपर्यंत जायचा. कुठंच कमी पडत नव्हता. हात हँडलपर्यंत पोचत होते. आजवर मी ज्या ज्या सायकलीवर बसले त्या सगळ्या कुणाच्या तरी दुसऱ्याच्या होत्या, आणि मी त्यांच्यावर टांगून घेतल्यासारखी चालवायचे. ही माझ्या अंगाला आली होती. गिअर बदलला तर खटकन आवाज झाला आणि पाय एकदम हलके पडले. मी पुन्हा बदलला, पुन्हा बदलला, उगीचच. एक मोटारसायकलवाला बाजूनं जाताना वळून बघून गेला. मला मोठ्यानं हसू येत होतं आणि मी हसतही होते. गोदावरीच्या पुलापर्यंत गेले. तिथं थांबायचं ठरवलं होतं, पण पूल ओलांडूनच गेले, मग वळले. धाप लागली होती, मांड्या भरून आल्या होत्या आणि मला परत जायचं नव्हतं.

परत आले तर हे दुकानासमोर भर रस्त्यात उभे. भलत्याच बाजूला बघत होते.

"कुठवर गेलतीस?" मला बघून म्हणाले.

"पुलाच्या पलीकडं."

"पलीकडं?" त्यांनी एकदा सायकलकडं, एकदा माझ्याकडं बघितलं. मग खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातात दिला. "घाम पूस. सर्दी होईल."

त्याच्यापुढं त्यांनी वाद घातला नाही. पटलं होतं असं मी म्हणणार नाही. पण बैल चालतो कसा हे बघितल्यावर बाजारात जास्त बोलत नाहीत, तसं काहीसं झालं असावं. पैसे मी माझ्या पिशवीतून दिले. हार निळ्या सायकलीला पडला. अम्मारनं मग तिची दोन्ही चाकं नुसते खटके दाबून काढून दाखवली, पान्हासुद्धा लागला नाही, आणि ह्यांनी ते त्याला दोनदा करायला लावलं.

स्टँडवर मुखेडची गाडी आधी लागली. संध्याकाळी गावात सोनं वाटायला ह्यांना पोचायचं होतं. खिडकीतून डोकं काढून म्हणाले, "उमा, हवा किती भरायची असते गं ह्या बारक्या टायरात?"

"लई. ट्रॅक्टरपेक्षा जास्त."

"काय सांगतीस," म्हणाले आणि गाडी सुटली.

लातूरच्या गाडीत आम्हाला मागची जागा मिळाली. फ्रेम माझ्या मांडीवर, दोन्ही चाकं बजरंगच्या. कंडक्टरनं सामानाचं तिकीट फाडलं. बजरंग खिडकीबाहेर बघत बसला होता. मला राहवेना. दुकानात हँडल सोडतानाचा त्याचा चेहरा डोळ्यांपुढून जात नव्हता.

"तुला ती काळी आवडली होती," मी म्हणाले.

"हाव. लई."

"परीक्षा झाली की तुला बी घेऊ. मी डबे वाढवते."

"नको."

"रागावलास का रे माझ्यावर?"

तो जरा वेळ चाकाची एकेक तार बोटानं वाजवत बसला. मग म्हणाला, "आई, मी रिक्षाला मागं टाकलं ना, तेव्हा मला परीक्षाबिरीक्षा काही आठवत नव्हतं. परत आलो आणि बाबा म्हणाले, सहाशेच्या वर पक्के. तेव्हाच मला नको झाली ती. आपल्या खोलीत जे जे येतं ना, त्याचे मला मार्क आणावे लागतात. कूलर आला, त्याचे मार्क. बदाम आले, त्याचे मार्क. तू गाव सोडून इथं येऊन राहिलीस, त्याचे किती आणायचे ते तर मला कळतच न्हाई." त्यानं माझ्या मांडीवरच्या फ्रेमवर हात ठेवला. "ही एकच वस्तू हाय, जिचे मला मार्क आणायचे न्हाईत. तू तिथं बोललीस ना, तेव्हा मला इतकं मोकळं वाटलं, की मान वर केली असती तर मी तिथंच रडलो असतो."

त्याला जवळ घ्यावं वाटलं, पण मांडीवर फ्रेम होती आणि दोन्ही हात तिला धरण्यात गुंतलेले. मी नुसता माझा खांदा त्याच्या खांद्याला लावला आणि त्यानं तो लावू दिला. लोहा आलं, गेलं. तो झोपी गेला तरी त्यानं चाकं घट्ट धरलेली होती, आणि मी लातूर येईपर्यंत हलले नाही.